टँकरवर नजर

१ जून, सकाळ
आजपासून घाबरायचं नाही. ठरलं.
भोंग्यावरून इमामसाहेबांनी सांगितलं, आजपासून उघड्यावर चूल नाही, शेतात धसकटं जाळायची नाहीत, जंगलात बसून चहा उकळायचा नाही. पाऊस पडेपर्यंत. म्हणजे ऑक्टोबर. भोंगा एवढा मोठा खरखरला की एफे दचकून रडला. मग मीही रडले. पण ते सकाळचं. घाबरायचं नाही हे त्यानंतर ठरलं.
नवरा, दुरमुश, काल कामाला गेला. खाली समुद्रावरच्या हॉटेलात भांडी घासतो, सीझन संपेपर्यंत येणार नाही. घरात मी, सासूबाई, दात येत असलेला एफे आणि शेळी. घर गावातलं शेवटचं. मागच्या दारातून पाय टाकला की पाइनचं जंगल. राळेनं नुसती चिकचिकतात झाडं. काडी लावायची खोटी.
सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, तू या घरात यायच्या आधीपासून ती झाडं तिथं आहेत, त्यांनी कुणाला खाल्लं नाही.
मी म्हटलं, मागच्या वर्षी समोरचा डोंगर जळून गेला की.
म्हणाल्या, तो समोरचा.

३ जून
टँकर बाहेर काढला. वनखात्यानं गावाला दिलेला, लाल, दोन चाकांचा, ट्रॅक्टरला जोडायचा. आमच्या भिंतीला लागून चिनाराखाली उभा केलाय, कारण जंगल इथून जवळ. तोंड रस्त्याकडे. ज्याची पाळी त्यानं आपला ट्रॅक्टर पुढं लावून ठेवायचा, किल्ली आत. डोंगरावरच्या बुरुजातून इस्माइल धूर बघणार, मुख्तारला, म्हणजे गावच्या सरपंचाला, फोन करणार, इमामसाहेब भोंग्यावर ओरडणार, ट्रॅक्टर निघणार.
ऐकायला छान आहे.
मुख्तार बायरमकाकांनी सगळ्या गावाला उभं करून सांगितलं, टँकर कायम काठोकाठ भरलेला पाहिजे, नळाला पाणी येवो न येवो. यातला थेंबसुद्धा कुणी घ्यायचा नाही. असं म्हणताना माझ्याकडे बघितलं.
माझ्याकडेच का?
आणखी म्हणाले, दोंदू, तुझ्या गोठ्यातलं वाळकं गवत भिंतीपासून हलव. उद्या हलवते म्हटलं.

५ जून
गवत हलवलं नाही. एफेला ताप.
टँकर भरलाय की नाही कसं कळणार? सगळे मुख्तारच्या तोंडावर विश्वास ठेवतात. मी डाव घेऊन गेले आणि ठोकून बघितलं. खाली ढब्ब, वर पण ढब्ब. भरलाय. रोज ठोकायचं ठरवलं. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

६ जून, दुपार
इस्माइलची परीक्षा घेतली. तो बुरुजात झोपतो असा मला दाट संशय. एवढ्या उन्हात, एकटा, वर वारा. कोण जागं राहील? म्हणून छपरावर चढून पांढरी चादर हलवली. हात भरून आले तरी काही नाही. मी म्हटलं, बघा. झोपला.
खाली उतरते तर अर्धं गाव दारात. ट्रॅक्टर, टँकर, मुख्तार, इमामसाहेब एका पायात चप्पल. इस्माइलनं फोन केला होता, शेवटच्या घरातली सून छपरावरून हाका मारतेय, पोरगं गेलं की काय बघा.
मी म्हटलं, चादर वाळवत होते.
मुख्तार म्हणाले, छपरावर? हातात धरून?
गुल्सुम शेजारीण जोरात हसली. सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला.
पण मला जे कळायचं ते कळलं. वेळ लागतो त्याला.

९ जून, पहाट
चोर सापडला.
एफेला पाजायला उठले होते. खिडकीतून बघते तर मुख्तार टँकरवर चढलेले. झाकण उघडं. आत हिरवा लांब पाइप सोडलेला, तो भिंतीवरून उतरून थेट त्यांच्या वाडीत, टोमॅटोच्या दिशेनं. सारखे स्वतःच्या घराकडे वळून बघत होते, बायको उठली का म्हणून. सरळ माणूस असा बघतो का?
टँकर वर, वाडी खाली. पाणी उताराकडे जातं हे कळायला शाळा लागत नाही. खाली विहिरीपाशी मोटर पण घुरघुरत होती. काय थाट! यांच्या टोमॅटोंना मोटर लावून पाजतात, आणि माझ्या पोराच्या डोक्यावर जंगल.
नंतर पाइप गुंडाळून भिंतीवर ठेवला, हात झटकले, आणि नमाजाला गेले. नमाजाला!
दुरमुशला फोन केला. म्हणाला, बायरमकाका? अगं, त्यांनी माझी सुंता करवली, मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, मग तुला त्यांच्याबद्दल वाईट बोलवणारच नाही. त्यानं फोन ठेवला. म्हणाला मॅनेजर आलाय. रोज त्याच वेळेला मॅनेजर कसा येतो हे पण बघायला पाहिजे.

११ जून
कुणाला सांगितलं नाही. फक्त गुल्सुमला. ती म्हणाली, तौबा तौबा, मुख्तार? मग म्हणाली, मला वाटलंच होतं, त्याच्या बायकोची लोणच्याची बरणी बघितलीस का केवढी असते. कुणाला सांगणार नाही म्हणून पोरांची शपथ घेतली. गुल्सुम शब्दाची पक्की.

१२ जून
भाकरी घ्यायला गेले तर तीन बायका गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, दोंदू, किती नेतात गं रोज?
हिला कुणी सांगितलं असेल?

१३ जून
मुख्तारच्या वाडीच्या कडेनं गेले. टोमॅटो पिवळे पडलेत. पानं करपलेली, मिरच्या माना टाकून. झेलीहाकाकू, म्हणजे मुख्तारची बायको, कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, विहिरीत पाणी असून माझी वाडी मरतेय, या माणसाला सांगते मोटर लाव, तर म्हणतो विहीर आटलीय, जपून वापर.
वा! काय डोकं आहे. चोरीचं पाणी कुणाला कळू नये म्हणून वाडी मुद्दाम वाळलेली दाखवतोय. बायकोलाही पत्ता नाही. खऱ्या टोमॅटोंना पाणी कुठंतरी दुसरीकडे देत असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

१४ जून
रात्रभर विचार केला. मुख्तार रोज नेणार. आग लागेल तेव्हा टँकर कोरडा. मग आम्ही मायलेकरं जळून मरणार आणि लोक म्हणणार, देवाची मर्जी.
म्हणून दुपारी, बाप्ये सोंगट्या खेळत चहाच्या दुकानात पेंगत होते तेव्हा, टँकरच्या मागच्या नळातून आमचं निळं पिंप भरून घेतलं. चोरी नाही ही. वाचवणं आहे. त्याच्या टोमॅटोत जाण्यापेक्षा आमच्या पिंपात सुरक्षित. वेळ आली की हेच पाणी उपयोगी पडेल.
सासूबाई म्हणाल्या, थेंब घ्यायचा नाही म्हणाला होता ना तो?
मी म्हटलं, थेंब कुठं घेतला?

१५ जून
पिंपातल्या पाण्यानं एफेची दुपटी धुतली. साठवलेलं पाणी शिळं होतं. वापरून टाकायचं आणि ताजं भरायचं. त्यानं टँकरमधलं पाणी पण हलतं राहतं, शेवाळ धरत नाही. हे मुख्तारला कुठं सुचणार.
गवत हलवायचं राहिलं. कंबर धरली, पिंपामुळे.

१८ जून
आज डाव मारला तर वरच्या बाजूला ठण्ण वाजलं. बघा! नेतोच आहे तो!
दुपारी गुल्सुम टँकरपाशी. हातात दोन बादल्या. मला बघून म्हणाली, नळ गळतोय का बघत होते. तिच्यानंतर तिची जाऊ आली, तीही बघायला. मग खालच्या आळीतली इमामसाहेबांची बायको, ती म्हणाली, गळत असेल तर खाली भांडं तरी धरावं.
बरं वाटलं. गावातल्या बायका जाग्या आहेत. बाप्यांना कळत नाही.

२० जून
हे काय कळेना. पहाटे मुख्तारनं पाइप टाकला होता, मोटर घुरघुरत होती, आणि त्यानंतर ठोकलं तर वरपर्यंत ढब्ब. दुपारनंतर परत ठण्ण.
मी खूप विचार केला. तो पहाटे पाणी काढतो म्हणजे पहाटे ठण्ण वाजायला पाहिजे. उलटं का? शेवटी लक्षात आलं. पहाटे गारव्यानं पत्रा आवळतो, आवाज बसतो. दुपारी तापतो, आवाज फुटतो. दुरमुशला सांगितलं तर म्हणाला, तू झोपतेस ना गं नीट?

२२ जून
एकदाचं धाडस केलं. मुख्तार नमाजाला गेल्यावर भिंतीवरचा पाइप उचलला. जड होता, पितळी तोंडाचा. एफेला पाठीवर बांधलेलं, पाइप पुढं पोटाशी. गोठ्यात वाळक्या गवताखाली पुरून टाकला. बरं झालं गवत हलवलं नाही ते. माणसाच्या हातून देव काही काही गोष्टी मुद्दाम राहू देतो.
आता ने म्हणावं पाणी.

२३ जून
भोंग्यावर इमामसाहेब: बायरमकाकांचा हिरवा पाइप हरवलाय, कुणाच्या पोरानं खेळायला नेला असेल तर आणून द्यावा.
चोराच्या हत्याराची चोरी झाली, तर चोर मशिदीतून दवंडी पिटवतो! माझं हसू थांबेना. सासूबाईंनी विचारलं काय झालं. म्हटलं, एफेनं तोंड वाकडं केलं.
संध्याकाळी मुख्तार सगळ्यांच्या अंगणात डोकावत होते. आमच्याकडेही आले. म्हणाले, दोंदू, तुझी खिडकी तिकडंच आहे, काही बघितलंस का? मी म्हटलं, मी रात्री झोपते, काका. ते उभेच राहिले. म्हणाले, शहरातून नवा मागवलाय, शुक्रवारच्या मिनीबसनं येईल, पण तोवर वारा सुटायला नको.
वाऱ्याचा आणि टोमॅटोंचा काय संबंध, मी विचारलं नाही. बघून घेतला त्याचा चेहरा. फार काळजीत होता. असणारच.

२६ जून
पाइप माझ्याकडे. मोटर बंद. आणि तरी टँकर रोज खाली खाली! आज अर्ध्यापर्यंत ठण्ण.
कसला माणूस आहे हा! बादलीनं नेत असणार. दोन दिवस पहाटे जागून बसले. कुणी आलं नाही. दुपारी बायका येतात, पण त्या आपल्याच, जरा जरा वाचवायला नेतात. मीही कालपासून दुसरं पिंप भरायला लागले. चोर एवढा हुशार असेल तर आपण किती सावध राहायचं?
गुल्सुमच्या अंगणात दोन नवे हौद. गुल्सुमचं नाव घेतलं की लोक उगाच हसतात, पण बाई दूरचं बघते.
ट्रॅक्टरची पाळी गुल्सुमच्या नवऱ्याची. त्यानं विचारलं, टँकर हलका वाटतोय का रे? चहाच्या दुकानात सोंगट्यांचा डाव रंगात होता.

२८ जून
शुक्रवारची मिनीबस आली. पाइप नाही आला. दुकानदारानं पुढच्या शुक्रवारी म्हटलंय. मुख्तार बसच्या दारात मान खाली घालून उभे.
मला मनातून गोड वाटलं. मग एफेनं माझं बोट चावलं. दात आला!

२ जुलै
आज फक्त अगदी खाली ढब्ब. मी गुल्सुमला म्हटलं, मुख्तारला जाब विचारायला पाहिजे. ती म्हणाली, विचार की. मी म्हटलं, तू विचार. ती म्हणाली, माझं पोळ्यांचं पीठ भिजलंय. तिच्या जावेनं सांगितलं, उद्या पाणी येणार आहे नळाला, उद्या विचारू.
उद्या गवत पण हलवायचं. नक्की.

४ जुलै
वारा.

४ जुलै, नंतर
बसून लिहितेय. बोटांना काजळी. एफे झोपलाय, केसांना धुराचा वास येतोय त्याच्या.
दुपारी कबरस्तानापाशी विजेच्या तारा एकमेकींवर आपटल्या. मी बघितलं. ठिणग्या गवतात पडल्या, आणि गवत नुसतं श्वास घेतल्यासारखं पेटलं. मला ओरडताच येईना. इस्माइलनं बघितलं. म्हणजे जागाच होता. भोंगा सुरू झाला, इमामसाहेबांचा गळा फाटला. गुल्सुमच्या नवऱ्यानं धावत येऊन ट्रॅक्टर चालू केला, मुख्तार टँकरची नळी खांद्यावर घेऊन पळत होते. आमच्या गोठ्यापाशीच आले सगळे, कारण आग तिकडंच येत होती. माझ्या घराकडे. दुसरं कुठलंच घर नाही वाटेत.
मुख्तार ओरडले, सोड!
पंप चालू झाला. नळी फुगली. मग खोकली. थोडंसं पाणी आलं, मातकट, बिस्मिल्ला म्हणून होईस्तोवर टिकलं. मग नुसती हवा.
सगळे मुख्तारकडे बघायला लागले. मुख्तार टँकरकडे. असा पांढरा पडलेला माणूस मी बघितला नव्हता.
मी एफेला पाठीवर बांधलं होतं. गोठा पेटला. गवतानं घेतला तो. शेळीची दोरी सासूबाईंनी दातांनी तोडली, त्यांना दात आहेत हे मला आज कळलं. मला वाटलं आता झालं. खरंच वाटलं. एफेचे पाय हातात धरून ठेवले, दोन्ही, गच्च.
मग सासूबाई ओरडल्या, पिंप!
आम्ही दोघींनी निळं पिंप झाकणासकट आडवं पाडून लोटत नेलं. दुसरं पण. मग गुल्सुम आली, हौदातलं पाणी बादल्यांनी उपसत, तिच्या पाठोपाठ जाऊ. इमामसाहेबांची बायको तेलाचे डबे घेऊन. खालच्या आळीतून बायकाच बायका, घागरी, पातेली, परात, आंघोळीचा टब. एकीचं पाणी साबणाचं, एकीच्यात काकड्या तरंगत होत्या, लोणच्याच्या. गुल्सुमच्या बादलीत कपडे धुवायची निळी नीळ. मी आयुष्यात एवढं पाणी एका जागी बघितलं नाही. आम्ही फेकत होतो आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं की बाई, उन्हाळ्यात एवढं पाणी तुझ्या घरात आलं कुठून.
वनखात्याची मोठी गाडी आली तेव्हा आग घराच्या भिंतीशी येऊन बसली होती, वाफा सोडत. गोठा गेला. चिनाराची एक बाजू गेली. भिंत काळी झाली. घर आहे.

५ जुलै
मुख्तार सकाळी काठीनं गोठ्याची राख चाळत होते. मी दारातून बघत होते. त्यांना काहीतरी सापडलं. पुसलं. पितळेचं तोंड. जळालेल्या रबराचा वास अजून होताच.
त्यांनी ते हातात फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मग एफेकडे. मग ते खिशात टाकलं आणि निघून गेले.
पुरावा लपवला! माणूस काही सरळ नाही.

६ जुलै
जिल्ह्याच्या गावाहून, मुग्लाहून, वनखात्याचे साहेब आले. गाव चिनाराखाली. साहेबांनी विचारलं, टँकर रिकामा कसा?
सगळे जमीन बघायला लागले. मी तर एवढी लाल झाले की सासूबाईंनी विचारलं, उन्हात बसू का तुझ्याऐवजी?
मुख्तार उठले. म्हणाले, चूक माझी साहेब. नळाला पाणी नव्हतं, टँकर रोज कमी व्हायचा, उन्हानं सुकतं म्हणून मला वाटायचं. मी पहाटे माझ्या विहिरीतनं भरत होतो. मग माझा पाइप गेला. नवा आला नाही. मी गावाला सांगायला पाहिजे होतं.
भरत होते. काढत नव्हते, भरत होते.
तेवढ्यात झेलीहाकाकू उठली. विहिरीतनं? आमच्या विहिरीतनं? म्हणून माझे टोमॅटो मेले? मला म्हणतोस आटलीय? साहेब तिथं उभे, आणि ती नवऱ्याला सगळ्या गावासमोर धुतेय, साबणाशिवाय. मुख्तार म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू भरू दिलं असतंस का? ती म्हणाली, नाही. म्हणाले, मग.
मी खूप विचार केला. चांगलंच काम होतं तर लपून कशाला करायचं? लपून करणाऱ्यावर संशय येणारच. यात माझी चूक काय? उलट मी पाणी पिंपात ठेवलं म्हणून घर वाचलं. हे कुणी बोलत नाही.
साहेब म्हणाले, यापुढं टँकरला कुलूप, आणि किल्ली एका माणसाकडे. रोज बघायचं, रोज भरायचं. कोण घेईल?
मुख्तारनी खिशात हात घातला. मला वाटलं झालं, आता पितळ बाहेर येणार. नव्या कुलपाची किल्ली आली, साहेबांनी दिलेली. म्हणाले, दोंदूकडे द्या. एवढी नजर टँकरवर गावात दुसऱ्या कुणाचीच नाही.
कुणी हसलं नाही. तेच वाईट.

९ जुलै
किल्ली गळ्यात बांधलीय. टँकर भरून घेतला, मुख्तारच्या विहिरीतनं, नव्या पाइपनं, झेलीहाकाकूंच्या शिव्या ऐकत. पायांचे तुकडे पडले.
एफेला जुलाब. दुपट्यांचा ढीग. पिंपं दोन्ही कोरडी, नळ कोरडा.
दुपारी नेहमीच्या वेळी टँकरपाशी गेले. फक्त झाकण घट्ट आहे का बघायला. बादली हातात होती, ती अशीच.
गुल्सुम माझ्याच भिंतीवर विणकाम घेऊन बसलेली. सुया थांबल्या. तिच्यामागं तिची जाऊ. खिडकीत झेलीहाकाकू. चहाच्या दुकानात सोंगट्या वाजायच्या बंद झाल्या. वर बुरुजात काहीतरी चमकलं, दुर्बीण असणार.
गुल्सुम म्हणाली, काय गं, नळ गळतोय का?
रिकामी बादली घेऊन घरी आले. दुपटी तशीच पडलीत.
काय संशयी गाव आहे.